ताटावरचा आकडा

"आकडा काय टाकलास रे?" अण्णांनी विचारलं आणि बारक्याने सांगितला.

एवढंच झालं. रविवारची दुपार, जेवणाचं टेबल, रश्श्याचं पातेलं अर्धं रिकामं झालेलं, आत्या पाव कापत होती. बाप विचारतो, मुलगा सांगतो. कुठल्याही घरात यात वावगं काही नसतं. पण समोरच्या खुर्चीत त्याची थोरली बहीण बसली होती. तिच्या हातातला चमचा तोंडापर्यंत जाता जाता थांबला आणि तसाच ताटात परत आला.

या घराची रीतच होती तशी. आजोबांच्या काळात, ब्रशचा कारखाना भरात असताना, अण्णांनी आणि त्यांच्या मोठ्या भावाने एकाच गिऱ्हाइकाला, एकमेकांना न विचारता, वेगवेगळे भाव सांगितले होते. गिऱ्हाईक कसलं बेरकी! याचा भाव त्याला आणि त्याचा याला सांगत त्याने दोघांना इतकं खाली उतरवलं, की त्या वर्षी रंगाऱ्यांचे मोठे ब्रश या घराने पदरमोड करून दुनियेला वाटले असंच म्हणायला हवं. तेव्हापासून आजोबांचा दंडक होता. घरातल्या कुणीही बाहेर कसलाही भाव बोलला, की तो जेवताना ताटावर सांगायचा. आजोबा गेले, मोठे काका गेले, कारखान्याला टाळं लागलं, दंडक मात्र कुठे गेला नाही. बारक्याच्या बायकोला, म्हणजे थोरलीच्या भावजयीला, इस्पितळात नर्सची नोकरी लागली तेव्हा तिने आपला पगारसुद्धा असाच ताटावर सांगितला होता, आणि अण्णांनी खूश होऊन तिला स्वतःच्या हाताने वाढलं होतं.

"मी हे ऐकायला नको होतं," थोरली म्हणाली.

"काय ऐकायला नको होतं?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या खरोखरच लक्षात आलं नव्हतं.

"बारक्याचा आकडा. उद्या पाकिटं उघडायचीत अण्णा."

बारक्याने पाण्याचा पेला उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. चाळिशी उलटली होती त्याची, सुतारकामात केस पांढरे व्हायला लागले होते, पण घरात तो अजून बारक्याच होता, आणि चोरी पकडल्यावर जसा दिसायचा तसाच आताही दिसत होता.

भानगड अशी होती. बंद पडलेला तो कारखाना अण्णांनी गावातल्या एका संस्थेला देऊन टाकला होता, आणि तिथे हातकाम शिकवणारी कार्यशाळा उभी करण्यासाठी संस्थेला सरकारी अनुदान मिळालं होतं. मिळालं होतं म्हणजे थोरलीने मिळवलं होतं. शहरातली बरी नोकरी सोडून ती याच्यासाठी परत आली होती. अर्ज तिचा, आराखडा तिचा, कुठलं काम कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर हे ठरवणं तिचं. छप्पर झालं होतं, भिंती झाल्या होत्या. आता पाळी होती कामाच्या बाकांची, म्हणजे सगळ्यात मोठ्या सुतारकामाची. अनुदानाची अट साधी होती. प्रकल्पप्रमुखाच्या नातेवाइकाने काम मागायला कुणाची ना नाही. त्याने सीलबंद पाकिटात आपला भाव द्यावा, निर्णय समितीने घ्यावा, आणि प्रमुखाने त्यात बोट घालू नये. पाकिटं उघडेपर्यंत कुणाचाही भाव प्रमुखाच्या कानावर जाता कामा नये. गेलाच, तर प्रमुखाने तो समितीला सांगितला पाहिजे.

हे सगळं थोरलीने किती सांभाळलं होतं! बारक्याने काम मागायचं ठरवल्यापासून ती त्याच्या घरी गेली नव्हती. रस्त्यात भेटला तर हवापाण्याच्या गप्पा मारून सटकत होती. आज जेवायला यावं की नाही यावरसुद्धा तिने सकाळभर विचार केला, आणि आत्याने दोनदा फोन केला म्हणून आली. करायला गेली एक!

"तुला हजारदा बजावलं होतं," भावजय नवऱ्याकडे वळून म्हणाली. "ताईंसमोर त्या कामाचं नाव काढू नकोस म्हणून. बजावलं होतं की नाही?"

"अण्णांनी विचारलं."

"अण्णांनी विचारलं तर तोंडात घास कोंबायचा!"

"म्हणजे मी आता माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या पोराला काय विचारायचं ते सरकारला विचारून विचारायचं की काय?" अण्णा म्हणाले.

आत्या फिसकन हसली, मग कुणीच हसत नाही हे पाहून तिने पावाचे तुकडे बशीत रचायला घेतले.

"बरं, झालं ते झालं," भावजय म्हणाली. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलण्याची सवय असलेली बाई. तिचा आवाज लगेच खाली आला. "बाहेरच्या कुणी ऐकलं नाही. आपणच ऐकलं, आपणच विसरायचं. ताई, तुम्हाला रस्सा वाढू?"

"मला उद्या समितीला सांगावं लागेल," थोरली म्हणाली.

"काय सांगावं लागेल?"

"हेच. की माझ्यासमोर त्याने आकडा सांगितला."

"सांग की मग," आत्या म्हणाली. "त्यात एवढं काय? नियम आहे तर नियम. आपण कुठे लांडीलबाडी केलीय?" आत्याचा सगळा जन्म कारखान्यात गेला होता. ब्रशचे केस निवडून, जुळवून, तारेने भोकात ओढून घ्यायचे, हेच तिने पाठ मोडेस्तोवर केलं होतं, आणि नियमाने केलेलं काम तिला आवडायचं.

"सांगितलं तर त्याचं पाकीट बाद होईल, आत्या."

"बाद म्हणजे?"

"उघडणारच नाहीत."

आत्याचा चेहरा बदलला. "मग नको बाई सांगूस," ती म्हणाली.

बारक्या इतका वेळ टेबलाकडे बघत होता. आता त्याने मान वर केली. "ताई, ऐकून घे. मी भाव पाडून दिला नाही, वाढवून दिला नाही. सचोटीने दिलाय. पाकीट शनिवारीच पेटीत पडलंय, पेटीला कुलूप आहे, किल्ली समितीच्या बाईंकडे आहे. तुला आकडा कळला म्हणून तू त्याचं काय लोणचं घालणार आहेस?"

"मला माहीत आहे रे."

"मग?"

"मला माहीत आहे. पण दुसऱ्या सुतारांना काय माहीत?"

"त्यांना सांगणार कोण?"

थोरलीला जे उत्तर सुचलं होतं ते बारक्याच्या तोंडावर बोलण्यासारखं नव्हतं.

"त्या बाकांसाठी मी काय काय केलंय तुला ठाऊक नाही," बारक्या म्हणाला. "ठाऊक असणारच कसं, तू तर आमच्या दारात येणं बंद केलंस. ही आत्या आहे ना, हिला मी रोज खुर्चीवर बसवत होतो. फळी वर कर, खाली कर, जरा तिरकी कर. जुन्या बाकांवर वाकून वाकून हिची पाठ गेली. तशी दुसऱ्या कुणाची जाऊ नये म्हणून मी उंची काढलीय. त्या बाकांखाली रांगलोय मी. पाकीट त्या मिशाळ्या सुतारानेही टाकलंय, पण तो पलीकडच्या गावचा. त्याला काय त्याचं?"

"उंची चांगली काढलीय हो," आत्या हळूच म्हणाली.

आई गेली तेव्हा थोरली शाळेची शेवटची परीक्षा देत होती आणि बारक्याचे दुधाचे दात पडत होते. त्याला न्हाऊ घालणं, त्याची खोड मोडणं, त्याला गणित येत नाही म्हणून डोकं आपटून घेणं, हे सगळं तिनेच केलं होतं. लग्नाचं वय त्यातच कधी निघून गेलं ते तिला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. याचं काम गेल्या दोन वर्षांत किती कमी झालंय हेही तिला दिसत होतं. लोक तयार फर्निचर आणतात, सुताराला बोलावतात ते दाराची बिजागरी बसवायला. हे काम त्याला मिळावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच ती एवढी लांब राहिली होती.

"मी समितीला हेही सांगीन की अण्णांनी सवयीने विचारलं, तुझा हेतू काही नव्हता," ती म्हणाली. "कदाचित ते..."

"कदाचित काय?"

"काही नाही. ठेवतील बाजूला बहुतेक."

"वन्सं, एक विचारू?" भावजय म्हणाली. एरवी 'ताई' म्हणणारी बाई आज 'वन्सं'वर आली होती, तेव्हाच थोरलीने ओळखलं. "तुम्हाला नियमाची काळजी आहे, की लोकांची? तुमच्या भावाला काम मिळालं तर लोक म्हणतील, बघा, घरातच वाटून घेतलं. ते तुम्हाला ऐकायचं नाही. हे ताटावरचं निमित्त तुमच्या पथ्यावरच पडलं."

"असं बोलू नये गं," आत्या म्हणाली.

"का बोलू नये? घर चालवायचं मी, हप्ते भरायचे मी, आणि यांनी नाक वर करून चालायचं. खोटं असेल तर सांगा म्हणावं."

सगळंच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. लोक काय म्हणतील याची भीती थोरलीला होती. शहरातून आलेली, औषधांच्या दुकानाच्या माडीवर भाड्याने राहणारी, एकटी बाई. तिच्यावर नजर ठेवायला गावाला कारण लागत नव्हतं. ती उठली. ताट उचलून मोरीकडे निघाली, तेव्हा अण्णा म्हणाले, "जेवून घे आधी." ती परत बसली नाही. बारक्यानेही थांब म्हटलं नाही.

अण्णा तिच्या मागोमाग कारखान्यात आले. वाट जवळचीच, पण गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. तोवर थोरली नव्या छपराखाली एकटी उभी होती. मोकळ्या लांबलचक खोलीत फरशीवर तिने स्वतः खडूने आखलेले चौकोन होते, एकेका बाकाची एकेक जागा.

"माझ्यामुळे झालं," अण्णा म्हणाले.

"हो," थोरली म्हणाली. खोटं बोलून त्यांना बरं वाटू देण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"मग माझं नाव घाल पुढे. सांग त्या बाईंना, म्हाताऱ्याची जीभ घसरली."

"सांगणारच आहे. पण त्याने काही होत नाही अण्णा. उद्या मी गप्प बसले, आणि काम बारक्याला मिळालं, आणि मग कुणाला कळलं, तर सगळे पैसे परत मागतील. नुसते बाकांचे नाहीत. हे छप्पर त्यातलंच आहे. संस्थेकडे कुठून येणार एवढे? दाराला परत टाळं लागेल, आणि या खेपेला ते कुणी काढणार नाही."

"कळणार कसं पण?"

"बारक्या सांगेल."

"बारक्या?"

"तोच. त्याच्या पोटात कधी काही राहिलंय? काम मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात चहाच्या दुकानात बसून सांगेल, आमच्या घरात कसं असतं माहितेय का, भाव ताटावर सांगतात! कौतुकाने सांगेल हो. त्याला वाटणारसुद्धा नाही आपण काही वाईट बोलतोय."

अण्णांना हसू आलं. ते आवरता आवरता त्यांचे डोळे भरून आले. "अगदी असंच सांगेल तो," ते म्हणाले. मग त्यांनी भिंतीला हात टेकवला. "तुझी आई असती तर तिने काहीतरी मार्ग काढला असता."

"आई असती तर मी यात पडलेच नसते. कुठेतरी संसार करत बसले असते आणि रविवारी माहेरी येऊन तुमचं सगळं चुकतंय म्हणून सांगितलं असतं."

"तेच बरं झालं असतं गं," अण्णा म्हणाले. त्यांना लागेल असं बोलायचं नव्हतं, आणि तिला लागलं हे त्यांना कळलंही नाही.

सोमवारी शाळेच्या एका वर्गात समिती बसली. संस्थेच्या अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. त्यांच्या एका बाजूला औषधांच्या दुकानाचा मालक, थोरलीचा घरमालकही तोच; दुसऱ्या बाजूला शिंपी. मागच्या बाकांवर काम मागणारे सुतार गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, कारण बाक पोरांच्या मापाचे होते. बारक्या सगळ्यात शेवटच्या बाकावर होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

थोरली उभी राहिली. तिने रात्री चार वाक्यं मनाशी घोकून ठेवली होती, ती तिने म्हटली. काल दुपारी घरी जेवताना आपल्या भावाचा भाव आपल्या कानावर आला. वडिलांनी सवयीने विचारलं, त्याने सवयीने सांगितलं. दुसऱ्या कुणाचाही भाव आपल्याला माहीत नाही. समितीने काय तो निर्णय घ्यावा.

मिशाळ्या सुताराने मिशीवरून बोट फिरवलं.

"काय रे," बाई शेवटच्या बाकाकडे बघून म्हणाल्या. "खरं आहे हे?"

या वर्गात कधीतरी बारक्याने बाईंचा मारही खाल्ला होता. नाही म्हणाला असता तर बहिणीच्या शब्दापुढे त्याचा शब्द, आणि मग समितीची पंचाईत झाली असती. तो उभा राहिला. "खरं आहे बाई," तो म्हणाला.

तिघांनी डोकी एकत्र करून कुजबुज केली. मग बाईंनी पेटी उघडली, त्यातून एक पाकीट शोधून काढलं आणि हात लांब केला. बारक्या सगळ्या बाकांमधून वाट काढत पुढे आला, पाकीट घेतलं, ते न उघडता खिशात घातलं आणि बाहेर गेला. थोरलीच्या खुर्चीजवळून जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. दार मात्र त्याने हळूच ओढून घेतलं, आपटलं नाही.

मग बाकीची पाकिटं उघडली. बाई एकेक भाव मोठ्याने वाचत गेल्या. पहिला जास्त होता. दुसरा त्याहून जास्त. तिसरं पाकीट मिशाळ्याचं. बाईंनी तो आकडा वाचला आणि थोरलीने मांडीवर ठेवलेले हात एकमेकांत घट्ट धरले.

तो बारक्याच्या आकड्याहून कमी होता. थोडाच, पण कमी.

म्हणजे ती गप्प बसली असती, तर बारक्याचं पाकीट उघडलं असतं, त्याचा आकडा वाचला गेला असता, आणि काम मिशाळ्यालाच मिळालं असतं. कुणाला काही सांगावं लागलं नसतं. छप्पर शाबूत राहिलं असतं, आणि भाऊही. हे त्या वर्गात तिच्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं. तिला वाटलं उठावं आणि धावत जाऊन बारक्याला गाठावं. पण गाठून काय सांगायचं? की बाबा रे, तुझं पाकीट नाहीतरी हरणारच होतं? ती बसून राहिली. मग उठून तिने आकड्यांसकट निकाल लिहिला आणि रीतीप्रमाणे बाहेरच्या फळ्यावर लावला.

त्यानंतर काम झालं, आणि असं झालं की नाव ठेवायला जागा नाही. विजेचं काम करणारा अर्ध्यात पळून गेला, तर थोरलीने आठवड्यात दुसरा उभा केला. लोखंड महागलं, तेव्हा तिने रंगाचे पैसे लोखंडाकडे वळवायची परवानगी आधी मागितली, लेखी घेतली, आणि मगच लोखंड आणलं. उशीर होणार असेल तर तो झाल्यावर नाही, होण्याआधी कळवायचा, हा तिचा खाक्या. कुणी काही विचारायच्या आत तिच्याकडे उत्तर तयार असायचं. संध्याकाळी ती औषधांच्या दुकानावरच्या खोलीत जायची, उभ्या उभ्या काहीतरी खायची, आणि दुसऱ्या दिवसाची कामं लिहून काढायची. रविवारी ती अण्णांकडे जायचीच. पण रविवारी बारक्याला नेमकं काहीतरी काम निघू लागलं. मग भावजयीची रविवारची पाळी लागू लागली. टेबलावर अण्णा, आत्या आणि ती. आत्या सवयीने जास्तीचा पाव कापायची आणि मग झाकून ठेवायची. थोरलीला इतकं एकटं शहरातसुद्धा कधी वाटलं नव्हतं, जिथे तिचं कुणीच नव्हतं.

तिने एकदा बारक्याला फोन लावला. तो चांगला बोलला. अण्णांच्या गुडघ्यांचं विचारलं, पावसापाण्याचं बोलला, बरं ठेवतो म्हणाला. भांडला असता तर तिला चाललं असतं.

शेवटच्या तपासणीला अनुदान खात्याची अधिकारी आली. तरुण, चष्मा लावणारी, बोलायला कमी. तिने दिवसभर सगळं पाहिलं, बाक हलवून पाहिले, बिलं पाहिली. त्या सोमवारची नोंद तिने दोनदा वाचली. "हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत?" तिने विचारलं.

"हो."

"तुमचा सख्खा भाऊ?"

"हो."

"मॅडम, मी इतक्या ठिकाणी फिरलेय, असं कुणी सांगत नाही," अधिकारी म्हणाली. "तुमचा प्रकल्प आम्ही दुसऱ्या संस्थांना दाखवणार. असं करायचं म्हणून." मग जमलेल्या सगळ्यांसमोर तिने हेच पुन्हा सांगितलं, आणि टाळ्या वाजल्या. बाईंनी थोरलीच्या पाठीवर हात फिरवला. शिंपी म्हणाला, नशीब लागतं असं माणूस मिळायला. अण्णा पुढच्या खुर्चीत ताठ बसले होते. थोरली हसली, आभार मानले, आणि तिला सारखं वाटत होतं की आपल्याला कुणीतरी घरी न्यावं.

लोक पांगले. रिक्षा मिळाली म्हणून अण्णा बाईंबरोबर पुढे गेले. आत्या एका नव्या बाकापाशी बसून ब्रशच्या केसांचे झुबके हाताळत होती, जुनी सवय. तिला न्यायला बारक्या आला. थोरलीला वाटलं भावजय येईल, पण तोच आला.

तो लगेच आत्याकडे गेला नाही. पहिल्या बाकापाशी वाकला, खालून हात घालून सांधा चाचपला, पाय हलवून पाहिला, फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. थोरली बघत राहिली. काहीतरी खोट काढ रे, ती मनात म्हणत होती. निदान एखादी.

"चांगलं केलंय काम," बारक्या म्हणाला.

"आत्याला उंची जरा कमी वाटते."

"तेवढं चालतं." तो सरळ झाला. "त्याचा भाव माझ्याहून कमी होता."

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. फळ्यावर लावला होतास ना. तुझ्याच अक्षरात."

"मग तू इतके दिवस..."

"तू सांगितलंस मला?"

"मला वाटलं, तुला वाटेल मी माझी बाजू मांडतेय."

"वाटलंच असतं," बारक्या म्हणाला. तो चिडलेला नव्हता. थकलेला होता, आणि अण्णांसारखा दिसायला लागला होता. "तू बोलली नसतीस ना ताई, तरी मी हरलोच असतो. घरी जाऊन त्या मिशाळ्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि रविवारी जेवायला आलो असतो."

"माहीत आहे मला. रोज आठवतं." ती म्हणाली. "चुकले का रे मी?"

बारक्याला तिच्याशी खोटं बोलता आलं असतं, पण तिने त्याला तसं वाढवलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मी कितीदा मनात सगळं फिरवून पाहिलं. कुठेच चुकली नाहीस. चुकली असतीस तर बरं होतं गं, माफ करून मोकळा झालो असतो."

त्याने आत्याला हात देऊन उठवलं. आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तू पण चल की जेवायला," ती थोरलीला म्हणाली. "याच्याकडेच जेवतोय आम्ही आज सगळे. अण्णाही तिकडेच गेलेत."

थोरलीने बारक्याकडे पाहिलं. तो आत्यासाठी दार धरून उभा होता. दार त्याने नीट, पूर्ण उघडून धरलं होतं, पण तो काही बोलला नाही.

"तुम्ही व्हा पुढे," थोरली म्हणाली. "मला दिवे मालवायचेत."